गर्भनिरोधक साधन निवडताना तरुण स्त्रीने काय पाहावे

महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हटले की अजूनही बहुतेक घरांत डोळ्यांपुढे येते ते दुसऱ्या मुलानंतरचे बाईचे ऑपरेशन. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त, निम्म्याच्या आसपास होते. जिला शिक्षण पूर्ण करायचे आहे, जिचे नुकतेच लग्न झाले आहे, किंवा जिचे पहिले मूल वर्षाचे असून पुढची तीन वर्षे दुसरे नको आहे, अशा मुलीला या चित्रात जागाच नाही. घरातून तिला सल्ला मिळतो तो ‘एक होऊ द्या, मग बघू’ असा, आणि मैत्रिणीकडून कळते ते मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तातडीच्या गोळीचे नाव. या दोहोंच्या मधली साधने बरीच आहेत, त्यांतली बहुतेक सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि त्यांतून आपल्यासाठी नेमके कोणते घ्यावे हे ठरवण्याची एक रीत आहे. ती रीत पुढे मांडली आहे.

दवाखान्यात जाण्याआधी

सुरुवात साधनांच्या यादीपासून करू नये, स्वतःच्या प्रकृतीपासून करावी. एका कागदावर आपली पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस चालते, अंगावरून किती जाते आणि पोटात किती दुखते, हे लिहून काढावे. मागच्या वर्षभरात हिमोग्लोबिन तपासले असेल तर तो आकडा लिहावा. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असते, त्यामुळे ही नोंद किरकोळ समजू नये. पाळीचा रक्तस्राव वाढवणारे साधन अशा स्त्रीला मानवत नाही आणि तो कमी करणारे साधन तिच्या फायद्याचे ठरते. रक्तदाब एकदा मोजून घ्यावा, कारण तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर नेहमीच्या संयुक्त गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेनसह दोन संप्रेरके असलेल्या गोळ्या, टाळाव्या लागतात, आणि पंचविशीतल्या मुलींचा रक्तदाब वाढलेला नसतोच असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

त्यानंतर डोकेदुखीचा विचार करावा. अर्धशिशी अनेकींना असते, पण डोके दुखू लागण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील, दृष्टीचा काही भाग अंधारत असेल किंवा एका हाताला मुंग्या येत असतील, तर ती वेगळ्या प्रकारची अर्धशिशी असते आणि त्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी घेऊ नये, कारण तिच्यात मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाईकांना पायाच्या शिरांत गुठळी झाली असेल, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, मधुमेह असेल, तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन असेल, तर तेही लिहावे. चालू असलेली औषधे विसरू नयेत. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइनसारखी औषधे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. गोळी रोज वेळेवर घेऊनही दिवस गेले, असे अशा वेळी घडू शकते.

विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांतल्या मुलींनी आपली सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, हे आवर्जून पाहावे. वाहक असणे आणि प्रत्यक्ष आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार असलेल्या स्त्रीत गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असल्याने संयुक्त गोळी तिच्यासाठी विचारपूर्वकच, शक्यतो टाळूनच, पाहिली जाते. तांबीने, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीने, रक्तस्राव वाढू शकतो. आणि तीन महिन्यांचे इंजेक्शन तिला बहुधा चांगले मानवते.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला संसाराची बाजू लिहावी. मूल साधारण कधी हवे आहे? सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, की आत्ता सांगता येत नाही? घरात गोळ्यांचे पाकीट ठेवण्याइतका एकांत आहे का, की सासूबाई किंवा वसतिगृहातल्या मुली कपाट उघडतात? रोज ठरावीक वेळी गोळी घेण्याची सवय लागेल का, की पाळीपाळीने रात्रपाळी करावी लागते? जोडीदार निरोध वापरायला खरोखर तयार असतो का, की प्रत्येक वेळी समजूत घालावी लागते? डॉक्टर हे प्रश्न क्वचितच विचारतात, कारण ओपीडीत तेवढा वेळ नसतो. पण साधन टिकणार की महिन्याभरात सुटणार हे बहुतेक वेळा यांच्याच उत्तरांवर ठरते.

आकडे कसे वाचावेत

प्रत्येक साधनाच्या यशाचे दोन आकडे असतात. एक आकडा ते अगदी बिनचूक वापरले तर किती उपयोगी पडते हे सांगतो, आणि दुसरा माणसे ते प्रत्यक्षात जसे वापरतात तसे वापरले तर काय होते ते सांगतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या अंदाजांनुसार शंभर जोडप्यांनी वर्षभर पुरुषांचा निरोध बिनचूक वापरला तर साधारण दोन स्त्रियांना दिवस जातात. नेहमीच्या वापरात ही संख्या तेराच्या आसपास जाते. रोजच्या गोळीचे बिनचूक वापरातले अपयश शंभरात एकाहून कमी आहे, नेहमीच्या वापरात ते सातच्या आसपास आहे. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा नेहमीच्या वापरातला आकडा चारच्या जवळ आहे. तांबीचे दोन्ही आकडे एकाहून कमी आणि जवळपास सारखेच आहेत, कारण ती एकदा बसली की स्त्रीच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. ऐन वेळी बाजूला होणे, ज्यावर कितीतरी जोडपी विसंबतात, त्यात वर्षभरात शंभरातल्या सुमारे वीस स्त्रियांना दिवस जातात. निवड करताना आपण शिस्तीच्या आहोत असे समजून पहिल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. दुसरा आकडाच आपला धरावा.

निरोध

गुप्तरोग आणि एचआयव्ही यांपासून बचाव करणारे साधन या सगळ्यांत एकच आहे, ते म्हणजे निरोध. म्हणून जोडीदाराची तपासणी झालेली नसेल, किंवा संबंध नवे असतील, तर दुसरे कोणतेही साधन घेतले तरी निरोध सोडू नये. आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे तो मोफत मिळतो. वापरताना मुदतीची तारीख पाहावी, पाकीट दाताने किंवा कात्रीने फाडू नये, एकावर एक असे दोन चढवू नयेत. आपल्याकडे वारंवार होणारी चूक म्हणजे खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावणे. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते आणि निरोध फाटतो. कोरडेपणा असेल तर पाण्यापासून बनवलेले वंगण औषधाच्या दुकानात मिळते.

गोळ्या

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि दुकानात अल्प किमतीत मिळणारी माला-डी यांत औषध तेच असते. पाकीट हातात घेऊन नीट पाहावे: २८ गोळ्या असतात, त्यांतल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरके असतात आणि उरलेल्या ७ रंगीत गोळ्या लोहाच्या असतात. बाणाच्या दिशेने रोज एक गोळी, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते, आणि पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी, पाळी चालू असली तरी, नवे पाकीट सुरू करावे. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केली तर लगेच संरक्षण मिळते. इतर दिवशीही, दिवस गेलेले नाहीत अशी खात्री करून, सुरुवात करता येते, मात्र पहिले सात दिवस निरोध वापरावा लागतो.

एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा ती घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. दोन किंवा अधिक राहिल्या तर लगेच एक घेऊन पुढे चालू ठेवावे आणि सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले असेल तर पांढऱ्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या गोळ्या न घेता थेट नवे पाकीट सुरू करावे. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी. पहिले दोन-तीन महिने मळमळ, थोडे डोके जड होणे, मधेच डाग दिसणे हे होऊ शकते आणि बहुधा आपोआप थांबते. मात्र पोटरीला सूज येऊन दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, एकाएकी भयंकर डोके दुखणे, दृष्टी अंधारणे, पोटात तीव्र कळा येणे, यांतले काही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशी वेळ क्वचितच येते, पण ही लक्षणे गोळी घेणारीला तोंडपाठ असली पाहिजेत.

गोळीचे फायदेही मोकळेपणाने सांगायला हवेत. पाळी नियमित होते, रक्तस्राव आणि पोटदुखी कमी होते, आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो. पीसीओडीसाठी (पाळी अनियमित करणाऱ्या बीजाशयाच्या विकारासाठी) किंवा मुरुमांसाठी डॉक्टर ज्या संयुक्त गोळ्या लिहून देतात त्या गर्भनिरोधकही असतात. मात्र त्यांतल्या सायप्रोटेरोनसारख्या काही औषधांत गुठळीचा धोका माला-एनमधल्या लेव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा जास्त असतो, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून त्या दुकानातून घेऊ नयेत.

एक गैरसमज मला येथे ठळकपणे खोडून काढावासा वाटतो. गणपती, सत्यनारायण किंवा घरचे लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या ज्या गोळ्या दुकानातून सर्रास आणल्या जातात, त्या गर्भनिरोधक म्हणून घ्यायच्या गोळ्या नव्हेत. त्या चालू असताना संबंध आला तर ‘गोळ्या घेतच होते’ या भरवशावर राहू नये, निरोध वापरावा. ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांनी या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

छाया

ज्यांना संप्रेरके नको आहेत पण गोळी चालेल, त्यांच्यासाठी छाया आहे. यातले सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आणि १९९१ पासून ते ‘सहेली’ या नावाने विकले जाऊ लागले. आता ते सरकारी कार्यक्रमात छाया नावाने मोफत मिळते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची, मग पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच. पहिली गोळी रविवारी घेतली असेल तर दुसरी बुधवारी, पुन्हा रविवारी, असे तीन महिने, आणि पुढे फक्त रविवारी. पाळी सुरू असली तरी वार मोडायचा नाही. वारांचे गणित अनेकींना जड जाते, म्हणून घरातल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसांपुढे खूण करावी किंवा फोनवर गजर लावावा. गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. चुकून सात दिवसांहून अधिक काळ गेला तर पहिल्या दिवसासारखी, आठवड्यातून दोन अशी, नव्याने सुरुवात करावी.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला छाया चालते. या गोळीने काहींची पाळी लांबते आणि रक्तस्राव कमी होतो. त्यात धोका नाही, पण पाळी पंधरा दिवसांहून अधिक पुढे गेली तर चाचणी करून घ्यावी. पीसीओडी, नुकती झालेली कावीळ, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि क्षयरोग असताना ही गोळी दिली जात नाही.

अंतरा

अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. दंडावर, कमरेवर किंवा मांडीवर ते दिले जाते, आणि टोचल्यानंतर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, कारण त्याने औषध लवकर पसरते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत पुढचे इंजेक्शन घेता येते, तरी तारीख गाठणे उत्तम. घरात कोणाला कळू द्यायचे नसेल तर याहून सोयीचे साधन नाही. क्षयरोगाचे औषध चालू असतानाही ते काम करते, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, अंगावर पाजत असतानाही, सुरू करता येते.

अंतराने पाळीचे चक्र बदलते, आणि ही गोष्ट आधी नीट समजावून न दिल्यामुळेच बहुतेक स्त्रिया पहिल्या किंवा दुसऱ्या इंजेक्शननंतर ते सोडतात. सुरुवातीला कधीही डाग दिसतात, मग हळूहळू पाळी विरळ होते आणि वर्षभरात अनेकींची ती थांबते. आत रक्त साठते, त्याची गाठ होते, हे खरे नाही. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहिल्यामुळे बाहेर पडण्यासारखे काही तयार होत नाही. रक्त कमी असलेल्या स्त्रीला तर याने मदतच होते. वजन काहींचे वाढते. हाडांची घनता थोडी कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर भरून येते, तरी अठराच्या आतल्या मुलींसाठी डॉक्टर याचा वेगळा विचार करतात. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. म्हणून ज्यांना वर्षभरातच मूल हवे आहे त्यांनी अंतरा निवडू नये.

तांबी

माझे स्पष्ट मत आहे की ज्या तरुण स्त्रीला तीन-चार वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मूल नको आहे, जिची पाळी फार जड नाही आणि हिमोग्लोबिन बरे आहे, तिने सर्वांत आधी तांबीचा विचार करावा. इतके परिणामकारक आणि इतके बदनाम साधन दुसरे नाही. तांबी पोटात वर चढते, छातीपर्यंत जाते, पुढे मूल होत नाही, लग्नाआधी किंवा पहिल्या मुलाआधी बसवता येत नाही, हे सगळे ऐकीव आहे. गर्भाशयाची पिशवी वरून बंद असते, त्यामुळे तांबीला प्रवास करायला वाटच नसते. बसवताना पिशवीला छिद्र पडणे शक्य असते, पण ते हजारात एखाद्या वेळी घडते. मूल न झालेल्या आणि विशीच्या आतल्या स्त्रियांनाही ती बसवता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. काढल्यावर लगेच पुढच्या महिन्यात दिवस राहू शकतात.

सरकारी कार्यक्रमात दोन प्रकार आहेत: ३८० ए ही दहा वर्षे चालते, ३७५ ही पाच वर्षे. पाच वर्षांची म्हणजे पाच वर्षे ठेवलीच पाहिजे असे नाही. हवी तेव्हा काढता येते.

बसवताना काय होते हे माहीत असले की भीती निम्मी होते. आधी मूत्राशय रिकामे करायला सांगतात. मग तपासणीच्या टेबलावर पाय दुमडून झोपवून डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका हाताने पिशवीची दिशा पाहतात, स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवणारे उपकरण) बसवून गर्भाशयाचे तोंड स्वच्छ करतात, बारीक सळईने पिशवीची लांबी मोजतात. या वेळी पाळीतल्यासारखी एक जोराची कळ येते. मग पातळ नळीतून तांबी आत सरकवतात, नळी बाहेर काढल्यावर तिचे दोन हात आत उघडतात आणि बाहेर राहिलेला दोरा तीनेक सेंटिमीटर ठेवून कापतात. हे सारे काही मिनिटांत होते. मूल न झालेल्या मुलींना कळ जास्त जाणवते, त्यांनी तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का हे विचारून घ्यावे, आणि त्या दिवशी कोणाला तरी सोबत न्यावे. चक्कर आल्यासारखे वाटले तर टेबलावरून लगेच उठू नये. पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर आधी जंतुसंसर्गाचे उपचार पूर्ण करावेत, मग तांबी बसवावी.

पहिले तीन ते सहा महिने पाळी जड आणि दुखरी होते, हा तांबीचा खरा त्रास आहे. तो पुढे कमी होतो, आणि वेदनाशामक व लोहाच्या गोळ्यांनी तो काळ बहुतेकींना निभावता येतो. एका महिन्याने, म्हणजे पहिल्या पाळीनंतर, तपासणीला जावे. तांबी बाहेर पडली तर ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत, पाळीच्या वेळी पडते, म्हणून त्या काळात दर पाळीनंतर हात स्वच्छ धुऊन बोटाने दोरा लागतो का पाहावे. दोरा लागला नाही किंवा कडक प्लॅस्टिक लागले, तर दवाखान्यात जाईपर्यंत निरोध वापरावा. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय सरकारी रुग्णालयांत असते. मात्र आपल्याला विचारून आणि आपली संमती घेऊनच ती बसवली जाईल, हे प्रसूतीआधीच्या तपासणीत स्पष्ट बोलून ठेवावे.

पाळी मुळातच जड असेल तर संप्रेरक सोडणारी तांबी हा चांगला पर्याय आहे. ती रक्तस्राव कमी करते आणि किमान पाच वर्षे चालते, पण खासगी रुग्णालयात तिला काही हजार रुपये लागतात. दंडाच्या त्वचेखाली बसवायची, तीन वर्षे चालणारी काडी सरकारी कार्यक्रमात निवडक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांपासून सुरू झाली आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात ती आली आहे का, हे विचारून घ्यावे.

तातडीची गोळी

निरोध फाटला, गोळ्या राहिल्या, किंवा जबरदस्ती झाली, तर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, अशी घ्यावी. ती चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईकडे आणि सरकारी केंद्रातही असते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. त्या गोळीनंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण नाही, आणि अपेक्षित तारखेपेक्षा पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर चाचणी करावी. आशाताईकडे त्यासाठी ‘निश्चय’ किट असते. वजन जास्त असेल तर गोळीचा उपयोग कमी होऊ शकतो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा तातडीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि पुढची काही वर्षेही त्यानेच निभावतात. महिन्यातून दोन-तीनदा तातडीची गोळी घ्यावी लागत असेल, तर त्याचा अर्थ नियमित साधन घेण्याची वेळ आली आहे. दुकानदार कधी याच नावाखाली गर्भपाताच्या गोळ्यांचे किट पुढे करतो; ते वेगळे औषध आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर ते जिवावर बेतू शकते.

‘सुरक्षित दिवस’ मोजण्याची पद्धत पाळी २६ ते ३२ दिवसांच्या चक्रात नियमित येत असेल तरच विचारात घ्यावी, आणि त्यातही आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा. परीक्षा, आजारपण, रात्रपाळी यांनी चक्र हलते. विशीत ते विशेषच हलते. नसबंदीबद्दल एवढेच सांगते की सरकारी नियमानुसार ती बावीस वर्षांच्या आत करता येत नाही, ती कायमची असते, आणि ‘हातासरशी उरकून घे’ म्हणून पंचविशीच्या आत ती करू नये. करायचीच असेल तर पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची आहे.

डॉक्टरांपुढे काय बोलावे

संकोच असतोच, म्हणून पहिले वाक्य ठरवून जावे: ‘डॉक्टर, मला पुढची दोन वर्षे मूल नको आहे, माझी पाळी जड असते, आणि रोजची गोळी माझ्याने होणार नाही, मला काय चालेल?’ प्रश्न असा नेमका असला की उत्तरही नेमके मिळते. मग तीन गोष्टी विचाराव्यात: या साधनाने माझ्या पाळीत काय बदल होईल, कोणत्या लक्षणांवर लगेच यावे, आणि नको वाटले तर ते कधी व कसे थांबवता येईल. मुलगी सज्ञान असेल तर गर्भनिरोधकासाठी पतीची, सासरची किंवा आईवडिलांची संमती लागत नाही, आणि लग्न झाले आहे का यावर उपचार अवलंबून नसतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यानंतर शंभर वर्षे उलटूनही अविवाहित मुलीला तपासणीच्या खोलीत उपदेश ऐकावा लागत असेल, तर दोष तिचा नाही, आणि तिने सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. अनेक ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते, तेथे १९ वर्षांपर्यंतच्या मुलींशी मोकळेपणाने बोलले जाते. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत मात्र पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यामुळे डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचे बंधन येते, हे माहीत असावे. साधन फसून दिवस गेलेच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात या कारणासाठी विवाहित असण्याची अट राहिलेली नाही, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि नाव गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे.

निवड झाल्यावर

घेतलेले साधन तीन महिने तरी वापरून पाहावे, कारण मळमळ, डाग, जड पाळी असे बहुतेक त्रास याच काळात जास्त असतात. मात्र ते सोसवत नसतील तर हट्टाने ओढत नेऊ नये. या तीन महिन्यांत डागांची आणि दुखण्याची नोंद त्याच कागदावर ठेवली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळी बदलावी की साधनच बदलावे हे ठरवता येते. गरज बदलली की साधनही बदलावे: कॉलेजात असताना निरोध, लग्नानंतर दोन वर्षे गोळी, पहिल्या बाळंतपणानंतर तांबी, असा क्रम अगदी स्वाभाविक आहे. बदलताना मधे एकही दिवस उघडा ठेवू नये. गोळीवरून तांबीकडे जायचे असेल तर तांबी बसेपर्यंत पाकीट चालू ठेवावे. तांबीवरून गोळीकडे येताना गोळी सुरू करून सात दिवस झाल्यावर तांबी काढावी, आणि अंतरावरून दुसऱ्या कशाकडे जाताना पुढच्या इंजेक्शनच्या तारखेआधीच नवे साधन सुरू करावे.